रजिस्टरातली 'माहेरी'

मी महाळुंग्याची आशा ताई, म्हणजे गावची आरोग्य स्वयंसेविका. पंधरा वर्षं झाली, गावातल्या आणि कारखान्यांमागच्या खोल्यांतल्या बायकांची बाळंतपणं, पोरांच्या लसी, पोरींच्या लोहाच्या गोळ्या माझ्याच रजिस्टरात आहेत. घरचे मला तोंडाळ म्हणतात. खरं आहे ते. पण या तोंडाने एकदा जे केलं, ते आठवलं की आजही ऊर भरून येतो. आणि ज्या चुकीमुळे ते करावं लागलं, तीही माझीच होती, हेही आधीच सांगून टाकते.

आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी. रीतच आहे ती. त्यामुळे भाड्याच्या खोलीतली एखादी पहिलटकरीण सातव्या महिन्याला लागली की मी तिच्या नावापुढे 'माहेरी' असं लिहायची आणि पान उलटायची. आता तिकडची आशा बघेल, असा हिशेब. सगळ्याच जणी तसंच करायच्या.

मग कोरोना आला. डोक्याला टोपी, हातात ताप मोजायचं यंत्र, आणि दारोदार दोनच प्रश्न: ताप आहे का? खोकला आहे का? एका खोलीचं दार रोज एक तरुण कामगार उघडायचा, "न्हाई ताई" म्हणायचा, मी खूण करून पुढे. एके दिवशी सकाळी मात्र दार त्याच्या बायकोने उघडलं. कंपनी पुन्हा सुरू झाली होती आणि तो पहिल्या शिफ्टला गेला होता. तिचं पोट बघून मी उडालेच.

"अगं, तू इथे कशी? तू तर माहेरी गेलीस ना?"

"कशी जाऊ ताई? जिल्ह्याची हद्द बंद हाय. आई तिकडं रडायलीय, मी इकडं."

पोरगी मराठवाड्याची, जेमतेम एकवीसची. तोंड सुजलेलं, पावलं तर जोडव्यांत मावत नव्हती. म्हणाली, दोन दिवस डोकं ठणकतंय आणि डोळ्यांपुढे अंधारी येतेय. महिनाभर मी त्या दाराशी उभी राहून ताप विचारत होते, आणि आत ही अशी. मी आरोग्य केंद्रावरच्या नर्सबाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, "रक्तदाब चढलाय तिचा. झटके आले तर दोघंही हातचे जातील. एक मिनिट थांबू नका." मी १०८ला फोन केला. गाडी आली, पण वेशीवर अडकली. गावाने रस्ता बांबू लावून बंद केला होता.

मी तिला धरून चालत वेशीपर्यंत आणलं. तिथे खुर्ची टाकून माझे चुलत दीर बसले होते, गावच्या कोरोना समितीचे म्होरके.

"वहिनी, गावाचा ठराव हाय. भाडेकरू भाईर गेला की परत आत न्हाई. आन् ती गाडी कुटनं कुटनं फिरून आलीय."

तेवढ्यात कंपनीची बस आली. दोन पोरांनी बांबू वर केला, बस गेली, बांबू खाली आला. माझं डोकंच फिरलं.

"व्हय भावजी? कंपनीच्या बसला बांबू वर जातो, आन् दोन जिवांच्या बाईला ठराव आडवा येतो? तुमची नातवंडं माझ्याच हातनं डोस घेऊन मोठी झाली. तवा कुटला ठराव इचारला व्हता मी? उचला, न्हाईतर मी उचलते."

भावजींची नजर त्या पोरीच्या पायांकडे गेली. उठले, आणि स्वतःच बांबू वर धरला.

"जा वहिनी," म्हणाले, "परत येताना कुनी आडवलं तर माजं नाव सांगा."

दवाखान्यात कागदावर सही हवी होती. नवऱ्याचा फोन कंपनीच्या गेटवर जमा, तो लागेना. काउंटरवरच्या बाईंनी विचारलं, "तुम्ही पेशंटच्या कोण?" मी पेन घेतलं आणि नात्याच्या रकान्यात लिहिलं, माहेरची.

तिला आत नेलं आणि मी बाकावर बसले. बसून करायचं काय? पिशवीतलं रजिस्टर काढलं आणि 'माहेरी' लिहिलेली एकेक बाई शोधून फोन लावत सुटले. हिला सोडून अजून सहा नावं होती. खरोखर माहेरी पोचलेली एकच. बाकीच्या पाच जणी आपापल्या खोल्यांत होत्या, तपासणी नाही, सोनोग्राफी नाही, आणि विचारणारं कुणी नाही. शेवटचा फोन चालू असतानाच नर्स बाहेर आली. मुलगी झाली होती, वजनाला जरा कमी, पण आई आणि लेक दोघी सुखरूप. मी त्या बाकावरच ढसाढसा रडले, मास्क पार भिजून गेला.

दुसऱ्या दिवशी केंद्रातल्या डॉक्टरांपुढे रजिस्टर आपटलं. "साहेब, ताप मोजू आम्ही, पण आधी या बायका मोजू द्या." चूक माझी आहे, हेही सांगितलं. साहेब भला माणूस. आमच्या केंद्राखालच्या सगळ्या गावांतल्या आशांना त्याच आठवड्यात 'माहेरी'ची नावं पुन्हा तपासायला लावली. माझ्या पाचही जणी नीट बाळंत झाल्या. हे सांगताना मला अजिबात लाजायला होत नाही.

ती लेक आता अंगणवाडीत जाते आणि माझ्यासारखीच तोंडाळ आहे. परवा तिची आई पुन्हा नाव नोंदवायला आली, तिसरा महिना. मी आता विचारल्याशिवाय काही लिहीत नाही.

"हे दुसरं. आता तर हद्दी उघड्या आहेत, एसटी चालू आहे. सासरी जाणार की आईकडे?"

"आई बोलवायलीय की वो ताई," ती म्हणाली. "मी तिला सांगितलं, तूच इकडं ये. एक माहेर हितं बी हाय मला."

मी मान खाली घालून रजिस्टरात लिहिलं, महाळुंगे.