नवीन पेशी येईपर्यंत

डॉ. मालतीताईंशी माझी ओळख रोहणा गावच्या माझ्या मामांच्या पोटानं करून दिली. जठरात जंतू आणि जखम, छातीखाली सदा आग. मी मामांना आर्वीला ताईंच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांची टवाळी लिहून पोट भरणारा मी, विषय मिळेल या आशेनं शेजारी बसलो.

ताईंनी शांतपणे समजावलं, "गोळ्या जंतू मारतील, पण जखम तुमचं शरीरच भरेल. आतले राखणदार जठराच्या अस्तराला निरोप धाडतात, मग नवीन पेशी तयार होतात. नवीन पेशी येईपर्यंत गोळ्या बंद करू नका."

आठवड्यात मामांना रक्ताची उलटी झाली. जीव वाचतो की नाही, अशी वेळ. ताईंच्या दवाखान्यात पोचल्यावर कळलं, गोळ्या पाचव्या दिवशीच थांबल्या होत्या.

"काऊन बंद केल्या?" मी ओरडलो.

मामा ताईंकडे वळले. "तुमीच तं सांगतलं ना बाई, नवीन पेशी येईपर्यंत घ्या म्हून! धुऱ्याच्या केसची नवीन पेशी भेटली बुधवारी. मंग कायले खाऊ?"

आमच्याकडे धुरा म्हणजे शेताचा बांध आणि पेशी म्हणजे कोर्टाची तारीख. मला तशातही हसू फुटलं. ताई हसल्या नाहीत. "चूक यांची नाही, माझ्या शब्दाची आहे. आणखी किती जणांनी तारीखच ऐकली असेल?" मामांवरचे उपचार मार्गी लावून त्यांनी जुन्या रुग्णांना स्वतः फोन लावले. मला म्हणाल्या, "तुम्ही लोकांना लागेल असं लिहिता म्हणे. आता लागू पडेल असं लिहा."

मी लिहिलं: 'आग विझली म्हंजे घाव भरला नाई. आतमंदी डागडुजी चालू हाये. डॉक्टर 'बंद करा' सांगत नाई तोवर गोया खाजो.' त्यातले माझे तीन विनोद ताईंनी खोडले. कागद अजून दवाखान्यात लटकतो आहे.

काही आठवड्यांनी पुन्हा दुर्बीण घातली. अस्तर गुलाबी, जखम भरलेली. ताई म्हणाल्या, "हे तुमच्या पोटानं केलं. आपण फक्त लुडबुड केली नाही."

"मंग एवढ्या चकरा काऊन मारायले लावल्या?"

"तुम्ही लुडबुड करू नये म्हणून!"

राखणदारांची जी फौज जंतूंशी भांडताना जठर लाल करते, तीच पुढे दुरुस्तीचा हुकूम देते, हे ताईंनी मला नंतर सांगितलं. मी आयुष्यभर पहिलं कामच केलं. दुसरं त्या एका कागदापुरतं, तेही ताईंमुळे.

ताईंना पंच्याहत्तरावं लागलं, म्हणून हा लेख. शरीराला सावरायला वेळ द्या, असं सांगत आलेल्या ताईंना स्वतःलाही तो निरोगी आणि भरपूर मिळावा. मामांना या लेखाचं सांगितलं, तेव्हा ते जेवत होते. भाकरीवर ठेचा घेत म्हणाले, "लिही, बाईनं शंभर वर्स जगावं. अन् हा ठेचा खाल्ला, हे नको लिहू."