जुन्या ड्राइव्हला वाहिलेलं कुंकू

धाराशिवच्या आमच्या हापिसात शाळांची जुनी रजिस्टरं स्कॅन करून टेपवर ठेवलेली. टेप म्हणजे तळहातावर मावणारी काळी डबी. ड्राइव्ह नावाच्या यंत्रात सरकवली की वाचता येते. या ड्राइव्हच्याही पिढ्या असतात. नवी आली तेव्हा विकणारा म्हणाला, "जुन्या टेपाही चालतात." किती जुन्या, हे मी शहाण्यानं विचारलंच नाही. ती एकच पिढी मागचं वाचायची, आणि आमच्या टेपा चार पिढ्या मागच्या! जुनी ड्राइव्ह चालतेय तोवर सगळं नव्या टेपवर उतरवून घ्यायला हवं होतं. उद्या करू, परवा करू, असं माझं चाललेलं.

तेवढ्यात खंडेनवमी आली. यंत्रांची पूजा माझ्याकडंच. बाकीच्या यंत्रांना कुंकवाचं नुसतं बोट लावलं. जुन्या ड्राइव्हला जास्त मान म्हणून हळदकुंकवाची चिमूट थेट तिच्या फटीवर वाहिली. फुंकर मारून साफ करायला गेलो, तर पूड पार आत. साफसफाईची टेप दहादा फिरवली, पण त्यानंतर तिनं काही वाचलं नाही. साहेबांना सांगून टाकलं, "वय झालं तिचं."

दिवाळीनंतर सोनारीच्या एक मावशी आल्या, अंगणवाडीतल्या मदतनीस. कागदावर जन्मसाल चुकलेलं, म्हणून दोन वर्षं आधीच घरी बसवत होते. शाळेचं रजिस्टर वाळवीनं खाल्लेलं. खरी नोंद फक्त आमच्या टेपवर. सोमवारी सुनावणी. "बघतो," म्हणालो.

बघतो कसलं डोंबल! टेप पिशवीत घालून सोलापूर गाठलं, तिथून लातूर. "एवढी जुनी ड्राइव्ह कोण ठेवतंय आता?" सगळीकडं हेच. एसटीत सारखी पिशवी चाचपत होतो. स्वतःचीच लई चीड येत होती.

रविवारी सोनारीला गेलो. मावशी दारातच उभ्या होत्या.

"मावशी, नोंद आहे, पण वाचता येत नाही. मशीन मीच बिघडवलं. पूजेचं कुंकू आत गेलं."

त्या शिव्या देतील असं वाटलं होतं. पण त्या आत जाऊन कोरा कागद आन् पेन घेऊन आल्या.

"मंग हेच लिहून द्या. नोंद हाय, मशीन तुमच्या हातनं बिघडलं. सही करा. पुढची तारीख तरी मिळंल मला."

हा कागद साहेबांपर्यंत जाणार, हे मला कळत होतं. तरी लिहायला घेतलं. अक्षर बारीक, गिचमीड येत होतं.

"नीट लिहा," त्या म्हणाल्या, "वाचता आलं पाहिजे."