उंच राहिलेली बांधी

भाऊजींचा फोन आला. "रोवणी करता करता धुऱ्यावर टेकली अन् उठलीच नाय…" ते म्हणाले. माझी मोठी बहीण शकूताई अशी शेताच्या बांधावरच वारली, त्याला आता दीड महिना झाला.

देवरीकडच्या एका गावात तिची दीड एकर धानाची बांधी, म्हणजे बांध घालून पाणी अडवलेलं शेत, होती. शेजाऱ्यांनी एकामागून एक वरची माती वीटभट्टीला दिली. ताईनं दिली नाही. सगळ्यांची शेतं खोल गेली, हिचं तेवढं उंच राहिलं. मग पाऊस कितीही पडो, पाणी धुऱ्यातून पाझरून शेजारी उतरायचं आणि धान पिवळा पडायचा. दोन वर्षं ती धुरे लिंपत राहिली.

मातीच्या संरक्षणाचं राष्ट्रीय धोरण येणार म्हणून तालुक्याला बैठक होती. मीच तिला घेऊन गेले. साहेब तळमळीनं बोलत होते. ताई मध्येच उठली. "साहेब, मी माती राखली, बाजूवाल्यानं देल्ली. आता माह्या बांधीत पानी थांबत नाय. माह्यासाठी काय लिवलं हाये?" त्यांनी कागद चाळले. माणूस प्रामाणिक होता. "बाई, मसुद्यात शेजाऱ्याबद्दल काही नाही," म्हणाला. परतताना बसमध्ये ती खिडकीकडे तोंड करून बसली होती. एकदाच म्हणाली, "मंग आमाले बोलावलं कायले?"

पुढच्या उन्हाळ्यात तिनंच भट्टीवाल्याला निरोप धाडला. अट एकच… वरचा वीतभर थर बाजूला काढायचा, खालची माती न्यायची आणि तो थर परत पसरून द्यायचा. जेसीबीवाला कुरकुरला, "बाई, टाइम खराब होता है." ताई बाजूला काढलेल्या वरच्या मातीच्या ढिगावर जाऊन बसली. दोन दिवस बसून होती. मी म्हटलं, सावलीत तरी ये. तर म्हणते, "हरली ना वं मी. आता सावली कायले पायजे?"

शेत शेजाऱ्यांच्या पातळीला आलं आणि त्या पावसाळ्यात पाणी थांबलं. धान मात्र पूर्वीसारखा आला नाही. गावात लोक म्हणत, बघा, शेवटी दिलीच हिनं.

तेरवीनंतर भाऊजींसोबत शेतात गेले होते. परत निघताना ते बांधीच्या पाण्यात वाकले आणि पायाचा चिखल बोटाबोटांतून सोडवू लागले. घरी नळ आहे, मी म्हटलं.

"ती घरी धुवू देत नोहोती," ते म्हणाले. "माती इथंच राहू द्या म्हने."

मीही चपला काढल्या.