रत्नाच्या मानेवरची खूण

या भुताखेतांच्या ग्रुपवर लिहिणाऱ्या प्रत्येकाचा आधी अशा गोष्टींवर अजिबात विश्वास नसतो. पहिल्या ओळीत नसतो, चौथ्या ओळीत पिंपळ येतो आणि शेवटी दाराला लिंबू-मिरची टांगून मंडळी मोकळी होतात. निवृत्त झाल्यापासून मी हे सगळं वाचतोय, करमणूक म्हणून. घाटात लिफ्ट मागणारे म्हातारे, पांढऱ्या साडीतल्या बाया, आपोआप वाजणारी पैंजणं... एकाही भुताला सकाळी चहाच्या वेळी यायला जमत नाही का हो?

तर माझं नाव अशोक. वय चौसष्ट, राहणार नाशिक रोड, जेल रोडचा भाग. एकलहऱ्याच्या पॉवर हाऊसमध्ये चौतीस वर्षं इन्स्ट्रुमेंट सेक्शनला होतो. आमचं काम एकच — मीटरचा काटा काहीतरी दाखवतो, तेव्हा मशीन बिघडलंय की काटा खोटं बोलतोय ते शोधायचं. बहुतेक वेळा काटाच खोटा निघायचा. आणि आम्ही बौद्ध माणसं. माझ्या वडिलांनी घरातले देव एका दुपारी पोत्यात भरून बाहेर काढले होते, त्याच पोत्यात भुतंही गेली. त्यामुळे माझ्याकडून धूप-अगरबत्तीची अपेक्षा ठेवू नका.

माझी मोठी बहीण शकुताई इथेच जवळ, उपनगर नावाच्या भागात एकटी राहते. वय बहात्तर. शाळेत गणित शिकवायची. आमची आई लवकर गेली, मला हिनेच वाढवलं, माझं आयटीआय हिच्याच नोकरीवर झालं. लग्न झालं होतं, मूल झालं नाही, भाऊजी जाऊनही आता बरीच वर्षं झाली. एवढी शहाणी बाई, पण पाच वर्षांपूर्वी तिला बाहुल्यांचं वेड लागलं.

झालं असं, की माझा मुलगा राहुल मेलबर्नला असतो. सूनबाईच्या बाळंतपणाला जायचं होतं, माझ्या बायकोचे — मंदाचे — गुडघे त्याच वेळी दगा देऊन बसले, म्हणून ताई गेली. तिकडे शनिवारी लोक आपापल्या गॅरेजमध्ये घरातलं भंगार विकायला मांडतात. तिथे हिने एक जुनी बाहुली उचलली. मानेमागे उठवलेली अक्षरं — मेड इन ऑस्ट्रेलिया. तिथून जे सुरू झालं ते विचारू नका. साठ-सत्तर वर्षांपूर्वीच्या कडक प्लॅस्टिकच्या बाहुल्या. निजवलं की डोळे मिटतात, केस खऱ्या लोकरीचे. इंग्लंडची नको, जर्मनीची नको, फक्त तिथेच बनलेली हवी. मी विचारलं, का गं? तर म्हणे, "आपला नातू पण मेड इन ऑस्ट्रेलियाच ना?" यावर हसावं की रडावं?

राहुल दरवेळी येताना बॅगेत, पायमोज्यांत गुंडाळून, चार-पाच आणायचा. ताईच्या हॉलमधल्या शोकेसमधून स्टीलची भांडी हद्दपार झाली आणि तेवीस गोऱ्या पोरी तिथे बसल्या. सगळ्यांना नावं — कमल, सिंधू, वत्सला. घरात शिरलं की व्हिनेगरसारखा वास. जुनं प्लॅस्टिक सडायला लागलं की येतो तो. तिकडच्या म्हाताऱ्यांशी हिची मोबाईलवर रोज चर्चा, अमुक बाहुलीच्या पापण्या मूळच्या आहेत की नंतर चिकटवलेल्या. आयुष्यभर पोरांना बीजगणित शिकवलेली बाई पापण्यांवर वाद घालत होती. मला लाज वाटायची, खरंच सांगतो.

आता आमची एक पद्धत सांगायला हवी. रोज सकाळी सात वाजता ताई मला मिस कॉल द्यायची. एक रिंग, की कट. म्हणजे 'उठले आहे, ठीक आहे'. मी उचलायचा नाही, उलट फोन करायचा नाही. भाऊजी गेल्यापासून एक दिवस चुकला नव्हता.

गेल्या जानेवारीतला रविवार. ताईने बोलावलं, कारण रत्ना मोडली होती. रत्ना म्हणजे हातभर उंचीची निळ्या डोळ्यांची बाहुली. हिचे पाय पुढे-मागे केले की मान डावी-उजवीकडे वळते, आतून एक दांडी जोडलेली असते. आतलं रबर सैल होऊन मान लोंबकळत होती. ताईने ती माझ्या हातात अशी दिली जणू पेशंट.

"अशोका, हिला नीट कर. तुझा हात चांगला आहे."

मी चौतीस वर्षं बॉयलरची प्रेशर गेज लावलेला माणूस. माझं डोकं फिरलं.

"ताई, सत्तरी उलटली तुझी. ही थेरं आता पुरे कर. लोक हसतात."

"हसू देत. तुला काय त्रास?"

आणि मग मी जे बोललो ते इथे लिहायलाही जीभ... असो, लिहितोच. मी म्हणालो, "स्वतःला मूल झालं नाही म्हणून प्लॅस्टिकची पोरं सांभाळायची?"

ताईने रत्ना माझ्या हातातून काढून घेतली. बाहुली पिशवीत घातली, पिशवी माझ्या हातात दिली, दार उघडलं. एवढंच म्हणाली, "फोनची वाट बघू नकोस."

सोमवारी मिस कॉल आला नाही. मंगळवारी नाही. बुधवारीही नाही. मंदा माहेरची देवळ्याची, तिच्या पोटात काही राहत नाही. रोज मागे लागली, "अहो, जाऊन या ना. लय बोललात तुम्ही त्यांना." मी म्हटलं, ती मोठी आहे, तिला कळत नाही? पाघळेल चार दिवसांत. मनातून मला वाईट वाटत होतं, पण कमीपणा कोण घेणार!

बुधवारी संध्याकाळी मी मागच्या गॅलरीत रत्ना उघडली. तिथे माझं टेबल आहे, टेबलाला लोखंडी वाइस, म्हणजे वस्तू आवळून धरायचा शिकंजा, जखडलेला. हात, पाय, दांडी, सगळं सुटं करून ताटलीत ठेवलं. उरलं डोकं. ते घरंगळू नये म्हणून पीव्हीसी पाइपचा एक सॉकेट, म्हणजे जोडाचं नळकांडं, वाइसमध्ये आवळला आणि त्यात डोक्याची मान दाबून बसवली. चांगली घट्ट. मग जुन्या सवयीने पेन्सिलने एक रेघ ओढली — अर्धी मानेवर, अर्धी सॉकेटवर. आमच्यात कुठलीही जोडणी खोलताना अशी खूण करतात, म्हणजे परत जोडताना तोंड बरोबर जुळतं. वाइसला पुठ्ठ्याचा टॅगही लावला : 'काम चालू आहे. हात लावू नये.' खाली सही. प्लॅन्टमध्ये ज्याने टॅग लावला त्यानेच काढायचा, दुसऱ्या कोणी नाही. एका बाहुलीसाठी हा सगळा सोपस्कार! स्वतःचंच हसू आलं.

गुरुवारी सकाळी सव्वासातला चहाचा कप घेऊन गॅलरीत गेलो. मिस कॉल आलेला नव्हताच. डोकं भिंतीकडे वळलेलं होतं. मानेवरची रेघ सॉकेटवरच्या रेघेपासून तीन बोटं दूर.

मंदाला हाक मारली. "तू हात लावलास?"

"मी? मला तर त्या मुंडक्याची लय किळस येती. झाडताना पण मी तिकडं बघत नाय."

मी डोकं फिरवून रेघ जुळवली. फिरवायला मनगटाचा जोर लागला, हे लक्षात ठेवा. दाढी करून आलो, पुन्हा भिंतीकडे. पुन्हा जुळवली, समोर उभा राहिलो. पाच मिनिटं, दहा मिनिटं, काही नाही. आत जाऊन अंघोळ करून आलो — पुन्हा तिथेच. थोडं जास्त नाही, थोडं कमी नाही. अडकलेला काटा जसा एकाच आकड्यावर जाऊन बसतो तसं. जानेवारी महिना, पंखा बंद. मांजर आमच्याकडे नाही. मी टेबल हलवून पाहिलं, वाइस आवळून पाहिला. तिसऱ्यांदा रेघ जुळवली, मानेभोवती चिकटपट्टी लावली आणि आत पेपर वाचत बसलो. नाश्ता झाल्यावर येऊन बघतो तर पट्टी पिळवटलेली आणि बाईसाहेब भिंतीकडे.

तुम्हाला वाटेल मी घाबरलो. मी संतापलो! माझ्या टेबलावर, माझ्या सहीच्या टॅगखाली, एक प्लॅस्टिकचं मुंडकं मला वेडं ठरवतंय? पिशवीत डोकं टाकलं, हातपाय टाकले, हत्यारंही त्यातच पडली, आणि स्कूटरला किक मारली. वाटेत वाक्य तयार करत होतो. 'घे तुझी रत्ना, आणि नातवाला पाठव हिला दुरुस्त करायला.' प्रेमाने गेलो असं इथे कोणी समजू नये. मी भांडायला गेलो होतो.

ताईच्या दारात दुधाची पिशवी पडली होती. शेजारी पेपर, घडीही न मोडलेला. साडेदहा वाजून गेले होते. बेल वाजवली, हाका मारल्या. शेजारच्या सोनवणे वहिनी बाहेर आल्या. "ताई सकाळपासून दिसल्या नाय हो. म्हटलं तुमच्याकडं गेल्या असतील."

दाराला आतून कडी. मागे गेलो. स्वयंपाकघराच्या खिडकीची जाळी चार स्क्रूवर होती. त्याच स्क्रूड्रायव्हरने, ज्याने आदल्या दिवशी रत्ना उघडली होती, मी ते स्क्रू काढले. स्क्रूड्रायव्हर सारखा खाचेतून निसटत होता, एक स्क्रू काढायला मिनिट लागलं. सोनवणे वहिनी मागून "सावकाश, सावकाश" म्हणत होत्या.

ताई बाथरूममध्ये जमिनीवर होती. अंगावरचं लुगडं ओलं, ओठ निळे पडलेले. साडेसहाच्या सुमाराला पाय घसरला, खुब्याचं हाड मोडलं. चार तास थंड फरशीवर. आवाज बसला होता, कोणाला ऐकूही गेला नसता. मी तिचं डोकं मांडीवर घेतलं, तर म्हणते, "किती वेळ लावलास रे."

मी रडलो. हो, रडलो. चौसष्टाव्या वर्षी, बाथरूमच्या फरशीवर बसून.

डॉक्टर म्हणाले, या थंडीत दुपारपर्यंत राहिल्या असत्या तर आम्ही हाडाचं बोलत बसलो नसतो. ऑपरेशन झालं. तिसऱ्या दिवशी, जरा बोलण्यासारखी झाली तेव्हा ताई म्हणाली, "पडल्या पडल्या मला टेबलावरचा फोन दिसत होता. आज सात वाजता तुला मिस कॉल द्यायचं ठरवलं होतं. म्हटलं, पुरे झाला राग."

मी तिचे पाय धरले आणि त्या रविवारच्या बोलण्याची माफी मागितली. ती म्हणाली, "आधी रत्ना दुरुस्त कर, मग बघू."

आता तुमच्या प्रश्नांकडे येतो. महिनाभर मी तोच सॉकेट, तोच वाइस, तेच डोकं घेऊन तपासण्या केल्या. टेबलाला स्पिरिट लेव्हल लावली — सरळ आहे. मालगाडीच्या हादऱ्याने हलतं का ते पाहिलं, ड्रायरने गरम केलं, बर्फ ठेवला, रबर आणि प्लॅस्टिकवर जे जे वाचता येईल ते वाचलं. डोकं केसभर हललं नाही. ताईला बघायला आलेल्या राहुलने मोबाईलवर नकाशा उघडून दाखवलं, की गॅलरीतली ती भिंत बरोब्बर उपनगरच्या दिशेला आहे. मी त्याला झापलं. त्या दिशेला अर्धं नाशिक आहे, याला पुरावा म्हणत नाहीत. पण पुरावा नाही असं म्हणून माझी सुटकाही होत नाही. चार वेळा काटा एकाच आकड्यावर गेला आणि त्या वेळी मशीन खरंच बंद पडत आलं होतं. माझ्या नोकरीत असं झालं असतं तर मी रिपोर्टात काय लिहिलं असतं? मला माहीत नाही.

ताईला यातलं काही सांगितलेलं नाही. ती गणिताची बाई, मलाच डॉक्टरकडे नेईल. घरात पुन्हा विषय काढायची सोय नाही, मित्रांमध्ये अब्रू जाईल, म्हणून शेवटी तुम्हा लोकांना सांगतोय, ज्यांची मी इतकी वर्षं टर उडवली. कोणी कमेंटमध्ये 'बाहुली गोदावरीत सोडून द्या' असं लिहू नये. नदीत आधीच पुरेसं आहे.

ताई आता वॉकर घेऊन चालते. दर आठवड्याला विचारते, "अशोका, रत्नाचं काय झालं?" मी सांगतो, योग्य मापाचं रबर ऑस्ट्रेलियाहून यायचंय. रबर कधीच आलंय, ड्रॉवरमध्ये पडून आहे. डोकं तसंच वाइसवर आहे, खाली माझ्या सहीचा टॅग आहे. चौतीस वर्षांत एकही काम मी असं अर्धवट सोडलं नव्हतं.

रोज सात वाजता मिस कॉल येतो. एक रिंग, कट. तरी मी कप हातात घेऊन आधी गॅलरीत जातो आणि दोन्ही रेघा जुळल्या आहेत का ते बघतो. मगच चहा पितो.