आम्हाला केळं चालतं

परदेशात समुद्रावर सुट्टीला जाऊन आलेली आमच्या कॉलनीतली मी पहिली बाई. लोक कौतुकाने विचारायचे, कसं वाटलं? मी म्हणायची, छान. खरं तर त्या सुट्टीतलं जे मला आठवतं, त्याने आजही कान गरम होतात.

आम्ही बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणारे यहुदी. मूळचे कोकणातले. गलबत फुटून आमचे पूर्वज तिथल्या किनाऱ्याला लागले असं घरात सांगत. ते तेल गाळायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणायचं. नाशकात हे सगळं कोणाला समजावायला जावं तर अर्धा दिवस मोडायचा. आडनावाच्या शेवटी ‘कर’, गळ्यात मंगळसूत्र, कपाळावर कुंकू नाही. कोणी आम्हाला ख्रिश्चन समजे, कोणी पारशी. हे ओझरच्या विमान कारखान्यात होते. तिथले लोक तर यांना कितीतरी वर्षं शाकाहारीच समजत होते, कारण डब्यात कायम भाजी. आमच्या रीतीने मटण कापणारा माणूस मुंबईला. हे कधीतरी जाऊन बर्फात घालून आणायचे. एरवी खवल्यांचा मासा मिळाला तर मिळाला, नाहीतर वांगी होतीच. मटण आणि दूध एका जेवणात नाही, दोन्हींची भांडी वेगळी. मी हे इतकं काटेकोर पाळायची की सासूबाईसुद्धा वैतागून म्हणायच्या, "अगं, देव काय तुझ्या मांडणीत बसून असतो का?"

त्यामुळे दुसऱ्यांकडे खायचं म्हणजे पंचाईत. आमच्या भिंतीला भिंत लागून एक बौद्ध कुटुंब राहायचं. त्या घरातल्या बाई शाळेत शिकवायच्या. फार मायाळू. घरात काही केलं की वाटी घेऊन दारात हजर. मी हात जोडायची. "आम्हाला चालत नाही हो." चहासुद्धा नको म्हणायची. त्या अगदीच हिरमुसल्या तर म्हणायची, "एखादं केळं द्या. केळं चालतं." सालीतलं असतं, भांड्याचा संबंध नाही. पण कारण मी कधी सांगितलं नाही. कोण सांगत बसणार, असं वाटायचं. एकदा त्यांच्या सासूबाई आतून म्हणाल्या, "कशाला देती गं त्यांना? आपल्या हातचं नाय खायच्या त्या." मला स्पष्ट ऐकू आलं. मी केळं घेऊन घरी आले आणि सोलून खाल्लं.

ऐंशी साल उलटल्यावरची गोष्ट. माझे थोरले दीर आणि जाऊबाई आधीच इस्राएलला जाऊन स्थायिक झाले होते, समुद्राजवळ. त्यांनी आम्हा दोघांना बोलावलं. यांनी रजा साठवली. मी चिवडा-लाडू बांधायला घेतले तर हे हसले. "अगं, अख्खा देश कोशेर आहे. तिथे कुणाला विचारायला लागायचं नाही." कोशेर म्हणजे आमच्या धर्माला चालणारं. तरी मी दोन नारळ आणि भांडी बाजारातून घेतलेलं एक नवंकोरं कल्हईचं पातेलं, जाऊबाईंना भेट म्हणून, बॅगेत कोंबलंच.

आणि खरंच, पहिले काही दिवस मी हवेत होते. हॉटेलात बसून, यात काय घातलंय असं न विचारता, मी जन्मात पहिल्यांदा पोटभर जेवले. साडी गुडघ्यापर्यंत उचलून पाण्यात उभी राहायची. हे अर्ध्या चड्डीवर मोजे घालून वाळूत फिरायचे, आणि मी हसून हसून बेजार व्हायची. आपण इथे पाहुणे नाही, आपल्याच माणसांत आलोय, असं मला सारखं वाटायचं.

पुतणीचं लग्न ठरलं होतं. एक दिवस तिच्या होणाऱ्या सासूला घेऊन सगळ्यांनी समुद्रावर जेवायला जायचं ठरलं. ते घर फार कडक, असं जाऊबाईंनी बजावलं होतं. मी म्हटलं, मग स्वयंपाक माझ्याकडे. कडकपणात मला कोण हरवणार? तिथल्याच कोशेर दुकानातली कोंबडी आणली, माझं नवं पातेलं काढलं आणि नारळाच्या दुधातला रस्सा केला. मटणात दूध-दही चालत नाही म्हणून आमच्या बायका नारळ वाटतात. ती आमच्या घराण्याची शान.

वाळूत चटई टाकून मी झाकण काढलं. विहीणबाई वयस्क होत्या, डोक्याला रुमाल, चेहरा हसरा. त्यांनी पांढरा रस्सा पाहिला आणि हात मागे घेतला. कोंबडीत दूध! पुतणीने घाईघाईने त्यांच्या भाषेत सांगितलं की ते नारळाचं आहे. त्यांनी मान डोलावली, रस्सा हुंगला, मग पातेल्याला बोट लावून काहीतरी विचारलं.

"पातेलं कुठलं, विचारतायत," पुतणी म्हणाली.

"नाशिकचं," मी अभिमानाने सांगितलं.

त्यांनी माझा हात थोपटला. अगदी प्रेमाने. पुतणी वाळूकडे बघत म्हणाली, "काकू, त्या म्हणतायत, वाईट वाटून घेऊ नका. परक्या मुलखातल्या भांड्यातलं त्यांना चालत नाही. संत्रं असलं तर चालेल."

जाऊबाईंनी लेकीच्या हातातली ताटली काढून घेतली आणि माझ्या कानाशी येऊन पुटपुटल्या, "ते पातेलं आता घरात आणू नकोस गं. जमलेलं बिनसायचं."

मला असा राग आला! इथे कोशेर पाळायला काय लागतं, दुकानात गेलं की झालं. नाशकात माझ्यासारखं पाळून दाखवा म्हणावं. पण कोणत्या भाषेत म्हणणार? विहीणबाई शांतपणे संत्रं सोलत होत्या. त्यांच्या बोटांकडे बघताना मला माझी बोटं दिसली, आणि केळं. शेजारच्या सासूबाईंचं ते वाक्य जसंच्या तसं कानात आलं. राग कुठल्या कुठे गेला. अशी लाज वाटली की मी पदर तोंडाशी धरला. माझ्या भांड्याला एकदा कोणी नाही म्हटलं तर माझी ही अवस्था. त्या बाईंच्या दारात मी ते किती वेळा म्हटलं होतं, आणि त्यांच्या घराने असलं ‘नाही’ कुठून कुठून ऐकलं असेल, याचा मी विचारच केला नव्हता.

"मी खातो की," हे म्हणाले. एकटेच खाली बसून पुन्हा पुन्हा वाढून घेत राहिले. पोट बिघडेपर्यंत खाल्लं. बाकी कोणी हात लावला नाही.

नाशकात आल्यावर मी आधी शेजारी गेले. बाई वह्या तपासत होत्या.

"बाई, तुमच्याकडचं मी खात नव्हते ना, ते तुमचं घर म्हणून नाही हो. आमच्यात भांड्यांचं फार असतं."

"माहीत आहे मला."

"कोणी सांगितलं?"

"कोणी नाही. वरच्या वकिलांकडे मुलाच्या वाढदिवसालाही तुम्ही केळंच मागितलंत. मी बघत होते." त्यांनी वही मिटली. "आम्हाला आधी तेवढं बघून घ्यावं लागतं, वहिनी."

मला खाली बघावंसं वाटलं. मी कसंबसं म्हटलं, "आज चहा घेईन."

त्या उठल्या. वरच्या फळीवरून कागदात गुंडाळलेला एक कप आणि छोटी पातेली काढली. "कोरी आहेत. दुसरं काही लागलेलं नाही. वाढदिवसानंतर आणून ठेवली होती." चहा ठेवता ठेवता म्हणाल्या, "गावच्या हॉटेलात माझ्या आजोबांचा कप वेगळा असायचा, बाहेर टांगलेला. आपल्या घरात कोणाला वेगळा कप द्यायचा नाही, असं ठरवलं होतं मी." मग हसल्या. "तुमच्यासाठी मोडलं."

चहा गोड होता. संपवून मी कप स्वतः धुतला आणि म्हटलं, "हा आता तुमच्या सगळ्या कपांतच ठेवा ना."

"मग पुढच्या वेळी तुम्ही पुन्हा नाही म्हणाल."

नाही म्हणणार, असं सांगायला मी तोंड उघडलं. पण ते खरं नव्हतं, आणि ते त्यांनाही ठाऊक होतं. मी ओले हात पदराला पुसत उभी राहिले, आणि त्यांनी कप कागदात गुंडाळून परत वर, वेगळा ठेवला.