एकदांडीचा कौल

मी चौथीपर्यंत शिकले. लिहायची सवय नाही, आणि हे कुणाला दाखवायचंही नाही. पण मनात फार दिवस साचलंय.

ह्यांना लकवा झाला त्याला तीन वर्षं झाली. उजवं अंग गेलं, बोलणं अडखळतं. सकाळी त्यांचं सगळं करायचं, मग कांद्याच्या खुरपणीला जायचं, आल्यावर पुन्हा त्यांचंच. रात्री दर दोन तासांनी कूस बदलावी लागते. धाकट्या दिरांनी एका आश्रमाचा कागद आणून दिला. म्हणाले, "वैनी, तुमी मोडून पडाल." ह्यांनी तो वाचला, आणि डाव्या हाताने माझ्याकडे सरकवला. मला सही करवेना, फाडवेना. शेवटी ह्यांना सांगून माहेरच्या देवीला कौल लावायला निघाले. देवीच्या दोन्ही खांद्यांवर ओली फुलं चिकटवायची. उजवं आधी पडलं तर घरी ठेवायचं, डावं पडलं तर आश्रमात. त्या दिवशी जाऊबाई ह्यांच्यापाशी बसल्या.

पिंपरी पेंढारहून जीपने नारायणगावला आले. शेवंतीचा पुडा मांडीवर होता. उतरताना तो जीपमध्येच राहिला, आणि ते लक्षात आलं घोडेगावच्या पुढे, डोंगराकडे जाणाऱ्या बसमध्ये. देवळाजवळ फूलवाला नाही. पायऱ्यांच्या फटीत एकदांडी उगवली होती. एकच लांब दांडी, वर बोराएवढं फिकट फूल. आयुष्यभर मी हे गवत बांधावरून खुरप्याने उपटत आले. फूल म्हणून कधी पाहिलं नव्हतं. लाज वाटली, पण दोन खुडली, पाण्यात बुडवली आणि देवीला चिकटवली.

कौल लावला की नजर हलवायची नसते. मी खांबाला टेकून बघत बसले. गाभाऱ्यातून गार वारा येत होता. कुणी हाक मारणार नव्हतं. एवढंच आठवतं.

जाग आली तेव्हा उन्हं कलली होती. अंगावर कुणाचं तरी जुनं लुगडं होतं. देवीचे दोन्ही खांदे रिकामे. एक म्हातारी झाडू घेऊन दारात बसली होती.

"झाली का झोप? लई घोरत व्हतीस बाय. माकडं पळाली."

"आजी, फुलं कुठंयत? कुठलं आधी पडलं?"

"कसली फुलं? ते गवत व्हय? म्या समदं झाडून काढलं की!"

"कौल होता माझा," म्हणाले आणि रडूच आलं.

ती घाबरली. "आता गं बया! एकदांडीचा कौल कोण लावतं? रडू नगं, परत लाव. मी च्या ठेवते."

मी पायऱ्यांवर गेले, पुन्हा दोन फुलं खुडली. पण आत आल्यावर ती खांद्यांवर लावायला हातच उचलेना. देवीला मी काय विचारत होते? माझ्या जिवाचा निकाल तिच्या अंगावर टाकून मोकळी होत होते. आणि तिने मला कुशीत घेऊन दुपारभर निजवलं होतं. तीन वर्षांत तसं कुणी निजवलं नव्हतं, आणि मीही कुणाला म्हटलं नव्हतं की मला झोप हवी आहे. ती दोन फुलं मी पायांवर ठेवली. काही विचारलं नाही. चहा प्याले आणि निघाले.

घरी पोहोचले तर ह्यांचे डोळे दाराकडेच. जिभेने कसंबसं विचारलं, "काय... पडलं?"

"मीच पडले," म्हणाले. "झोप लागली मला."

वाकड्या तोंडाने हे हसले. मग डोळे पुसायला डावा हात उचलू लागले, तेव्हा मी पदराने पुसले.

जाऊबाई निघाल्या होत्या. मी कधी कुणाकडे काही मागितलेलं नाही, जीभ उचलत नाही माझी. पण उंबऱ्यात त्यांना गाठून म्हणाले, "आठवड्यातून एक दुपार बसाल का ह्यांच्यापाशी? मला निजायचंय."

त्या म्हणाल्या, "आगं, कवाच म्हणायचं नाय का!"

आश्रमाचा कागद फळीवर आहे. पुढचं देवीला ठाऊक. थकवा आहेच. पण दर गुरुवारी दुपारी मी निजते, आणि बांधावर खुरपताना एक एकदांडी न उपटता ठेवते.