सरकली म्हणून फाऊल

मुलुंडच्या आमच्या कॉलनीत बायकांच्या बास्केटबॉलला पंच मीच असते, त्यामुळे शिव्या खायची सवय आहे. सगळ्यात जास्त शिव्या स्क्रीनवरून पडतात. आपल्या मैत्रिणीला मोकळीक मिळावी म्हणून तिच्या मागे लागलेल्या खेळाडूच्या वाटेत जाऊन उभं राहायचं, याला स्क्रीन म्हणतात. उभी राहिलेली स्थिर असेल तर धडकणारीने आपलं बघावं. हलली तर फाऊल तिचा. प्रेक्षकांचा नियम वेगळा. धाडकन आवाज आला की फाऊल!

यंदाच्या फायनलला माझी सख्खी वहिनी खेळत होती. लग्नानंतर सुटलेला खेळ तिने मुलगी शाळेत जायला लागल्यावर पुन्हा धरला होता आणि तिला तो कप हवाच होता. भावाचे कॅरमचे कप मागे ढकलून तिने शोकेसमध्ये जागासुद्धा करून ठेवली होती.

सुरुवातीलाच समोरच्या टीमची एक दांडगी मुलगी स्क्रीनला उभ्या असलेल्या वहिनीवर आपटली आणि सिमेंटवर बसली. वहिनीचं लक्ष दुसरीकडे, त्यामुळे ती जागची हललीच नव्हती. मी शिट्टी वाजवली नाही.

"वहिनी आहे ना तिची! वाजवतेय कशाला?" मागून एक काकू ओरडल्या.

शेवटच्या मिनिटाला वहिनीची टीम एका पॉइंटने मागे होती. वहिनी स्क्रीनला उभी राहिली, तीच मुलगी धावत आली आणि या वेळी वहिनीला ती दिसली. लिफ्टमध्ये, जिन्यात, स्वयंपाकघरात जन्मभर लोकांना वाट करून देणारी बाई ती. सवयीने बाजूला सरकली. मुलगीही नेमकी तिकडेच वळली. खांद्याला खांदा जेमतेम लागला, आणि तिकडे वहिनीच्या मैत्रिणीचा बॉल बास्केटमध्ये गेला. मी शिट्टी वाजवली. बास्केट रद्द.

"अगं, मी तिला जागा देत होते!"

"तेच ना वहिनी. हललीस तू."

"आपलेच दात, आपलेच ओठ," ती कॅप्टनला म्हणाली, आणि फायनल गेली.

शिट्टी बरोबर होती, तरी मला फार वाईट वाटलं. आठवडाभर वहिनी माझ्याशी कामापुरतंच बोलली.

रविवारी ती ओट्यापाशी पोहे परतत होती. भाऊ चहाचा कप घेऊन तिच्या मागून घुसला. "सरक गं जरा."

वहिनी सरकली नाही. पाय रोवून उभी राहिली. भाऊ धडकला आणि चहा त्याच्याच बनियनवर सांडला.

"बघितलंस ना हिचं?" तो मला म्हणाला. वहिनीनेही माझ्याकडे पाहिलं, आठवड्यात पहिल्यांदाच सरळ.

"ती आधीपासून उभी होती," मी म्हटलं. "फाऊल तुझा."

वहिनी इतकी हसली की पोहे खाली लागले.

शोकेसमधली ती जागा अजून रिकामी आहे. भावाने दोनदा आपले कप पुढे आणून पाहिले. तिने ते परत मागे ठेवले.